कासदाहाच्या औषधानंतर दूध किती दिवस थांबवायचे?

प्रश्न कळमेश्वर तालुक्यातल्या एका तरुण गोपालकाचा आहे. घरी सहा संकरित गाई, दोन नागपुरी म्हशी आणि थोड्या शेळ्या. एका गाईच्या मागच्या उजव्या सडाला कासदाह, म्हणजे कासेला सूज आणणारा संसर्ग, झाला. तीन दिवस सडात पेनिसिलिन गटातली ट्यूब, सोबत एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचे इंजेक्शन आणि सूज-तापासाठी मेलॉक्सिकॅम असा उपचार झाला. डॉक्टरांनी सात दिवस दूध केंद्रावर घालू नका म्हणून सांगितले. मेडिकलवाले म्हणाले, तीन दिवस पुरे. शेजारी म्हणतात, उकळल्यावर औषध राहतेच कुठे. त्यांना विचारायचे आहे की ऐकायचे कोणाचे, बाकीच्या तीन सडांचे दूध चालेल का, काढलेले दूध वासराला पाजावे का, आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिलेला बोकड ईदच्या बाजारात विकता येईल का.

भाऊ, डॉक्टरांचेच ऐका. सात दिवस थांबा, आणि तेही शेवटच्या डोसच्या वेळेपासून मोजा. पहिल्या इंजेक्शनच्या दिवसापासून मोजणारे लोक मी रोज पाहतो. त्यांचे सात दिवस प्रत्यक्षात चारच भरतात. तुमच्या गाईला शेवटची ट्यूब सोमवारी संध्याकाळी सहाला बसली असेल, तर पुढच्या सोमवारी संध्याकाळी सहापर्यंतची एकही धार कॅनमध्ये जाता कामा नये. सकाळ-संध्याकाळ मिळून ही चौदा दोहने झाली.

हे सात दिवस डॉक्टरांनी मनाने सांगितलेले नाहीत. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांमध्ये जानेवारी २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. ज्या प्राण्यांचे दूध, अंडी किंवा मांस माणूस खातो, त्यांच्या औषधाच्या लेबलवर विथड्रॉअल पिरियड, म्हणजे शेवटच्या डोसनंतर किती काळ उत्पादन थांबवायचे ते, छापणे तेव्हापासून बंधनकारक झाले. एखाद्या औषधाचा कालावधी चाचण्यांनी सिद्ध केलेला नसेल, तर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि कोंबडी किंवा जनावराच्या मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. या २८ दिवसांत चरबी आणि आतले अवयवही येतात. माशांसाठी ५०० अंश-दिवस सांगितले आहेत, म्हणजे पाण्याचे तापमान २५ अंश असेल तर वीस दिवस. आपल्याकडच्या मालगुजारी तलावांत मत्स्यपालन करणाऱ्यांनी तेवढे लक्षात ठेवावे. लेबलवर यापेक्षा जास्त दिवस लिहिले असतील तर लेबल पाळायचे. लेबल फाटलेले असेल किंवा त्यावर काहीच लिहिलेले नसेल, तर ७ आणि २८ हे दोन आकडे पाळायचे.

मेडिकलवाल्यांचे तीन दिवस कुठून आले असतील, याचाही अंदाज मला आहे. काही ट्यूबांच्या लेबलवर ७२ किंवा ९६ तास लिहिलेले असतात आणि त्या ट्यूबेपुरते ते बरोबरही असते. पण तुमच्या गाईला तीन औषधे गेली आहेत. प्रत्येकाची मोजणी त्याच्या स्वतःच्या शेवटच्या डोसपासून वेगळी होते आणि ज्याची तारीख सगळ्यात उशिरा येते ती पाळायची असते. मेलॉक्सिकॅमसुद्धा यात येते. युरोपात गाईंसाठीच्या मेलॉक्सिकॅमच्या लेबलवर दुधासाठी ५ दिवस आणि मांसासाठी १५ दिवस लिहिलेले आहेत. आपल्याकडे मात्र हे दिवस फक्त अँटिबायोटिकलाच असतात, वेदनाशामकाला नाहीत, असा समज घट्ट बसलेला आहे. दुकानात बसलेल्या माणसाला तुमच्या गाईला बाकी काय दिले हे ठाऊक नसते. म्हणून दिवसांची मोजणी त्याच्याकडून करून घ्यायचीच नाही.

आता हे दिवस ठरतात कसे ते सांगतो. एकदा ते कळले की कुठे सूट घेता येते आणि कुठे नाही, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

माणसाने एखादे औषध आयुष्यभर रोज थोडे थोडे पोटात घेतले तरी अपाय होणार नाही, असे प्रमाण प्रयोगांवरून काढतात. मग एक माणूस रोज ३०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम कलेजी, ५० ग्रॅम गुर्दा, ५० ग्रॅम चरबी, दीड लिटर दूध आणि १०० ग्रॅम अंडी खातो असे मुद्दाम वाढवून धरतात आणि त्यावरून प्रत्येक पदार्थातली कमाल मर्यादा ठरते. त्यामुळे मर्यादेपेक्षा थोडे जास्त औषध असलेला एक पेला दूध प्यायल्याने कोणी दुसऱ्या दिवशी आजारी पडेल, असे मी म्हणणार नाही. ती भीती घालून शेतकऱ्याला गप्प करणे मला पटत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाची गोष्ट मात्र वेगळी. त्याला फार थोड्या प्रमाणानेही त्रास होऊ शकतो. म्हणूनच पेनिसिलिनसाठी माणसाच्या पोटात दिवसाला ३० मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच जावे, अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीची शिफारस आहे आणि दुधासाठीची कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा आहे किलोमागे अवघे ४ मायक्रोग्रॅम.

चार मायक्रोग्रॅम म्हणजे किती, याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहा. समजा ट्यूबेत ३ लाख युनिट पेनिसिलिन आहे. एक युनिट म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम. म्हणजे ट्यूबेत १ लाख ८० हजार मायक्रोग्रॅम औषध झाले. त्यातला फक्त चौथा हिस्सा पुढच्या धारेत आला असे धरू. ते झाले ४५ हजार मायक्रोग्रॅम. एवढे औषध मर्यादेखाली आणायला ११ हजार लिटरपेक्षा जास्त स्वच्छ दूध लागेल. म्हणजे एका सडाची एक धार दहा हजार लिटरचा टँकर बाद करू शकते. ‘आपल्या पाच लिटरने एवढ्या दुधात काय होणार’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा हिशेब करायला लावतो. तपासणीत टँकर अडकला की तुमच्यासारख्या शंभर घरांचे दूध एका फटक्यात वाया जाते, आणि केंद्रावर नमुने ठेवलेले असतील तर ते कोणाच्या कॅनमधून आले हेही शोधता येते.

तुमचा दुसरा प्रश्न बाकीच्या तीन सडांचा. कासेचे चार कप्पे आतून वेगळे असतात, एकाचे दूध दुसऱ्यात थेट उतरत नाही, हे खरे. पण सडात सोडलेले औषध तिथेच थांबत नाही. ते कासेतून रक्तात जाते आणि रक्तातून उरलेल्या तिन्ही कप्प्यांत थोडे थोडे उतरते. शिवाय तुमच्या गाईला इंजेक्शनही दिले आहे. ते तर चारही कप्प्यांत सारखेच पोहोचले. म्हणून चारही सडांचे दूध वेगळे काढायचे. तिला सगळ्यात शेवटी पिळायचे आणि तिची बादलीही वेगळी ठेवायची. मिल्किंग मशीन असेल तर तिच्यानंतर ते धुतल्याशिवाय दुसऱ्या गाईला लावायचे नाही. गोठ्यात पिळणारे हात एकापेक्षा जास्त असतील तर तिच्या मागच्या पायाला लाल फीत बांधा. तुम्ही लग्नाला गेलात आणि त्या दिवशी आईने किंवा गड्याने धार काढली, की नेमके तेव्हाच औषधाचे दूध कॅनमध्ये जाते. माझ्या अनुभवात दूध बाद होण्याच्या बहुतेक घटना लबाडीतून होत नाहीत, घरातल्या एकाला माहीत असते आणि दुसऱ्याला नसते म्हणून होतात.

उकळण्याबद्दल तुमच्या शेजाऱ्यांना एवढेच सांगा की उकळल्याने जंतू मरतात, औषध जात नाही. पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन उष्णतेने काही प्रमाणात कमी होतात, पण भरवसा ठेवावा इतके नाही. एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधे, सल्फा आणि जंतावरचे आयव्हरमेक्टिन ही तर उकळी सहज सोसतात. बासुंदी किंवा खवा केला तर पाणी उडून जाते आणि औषध उरलेल्या दुधात आणखी दाट होते.

दही लावून पाहण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. विरजण लागले नाही तर दुधात औषध असण्याची शक्यता मोठी, कारण दह्याच्या जंतूंना पेनिसिलिन अगदी कमी प्रमाणातही सोसत नाही. पण दही छान लागले म्हणून दूध निर्दोष ठरत नाही. घरच्या विरजणात नाना प्रकारचे जंतू असतात आणि सगळी औषधे त्यांना सारखी बाधत नाहीत. मर्यादेपेक्षा जास्त एन्रोफ्लॉक्सासिन असलेल्या दुधाचेही दही लागू शकते. खरी तपासणी दोन तऱ्हांची. पट्टीवर काही मिनिटांत कळते, पण पट्टी ज्या गटासाठी बनवलेली असते त्याच गटातले औषध ती दाखवते. दुसरी तपासणी जंतू असलेल्या छोट्या कुपीची. कुपीत दूध घालून ती सुमारे ६४ अंशांवर साधारण तीन तास ठेवतात. जंतू वाढले तर जांभळा रंग पिवळा होतो; जांभळाच राहिला तर जंतूंना रोखणारे काहीतरी दुधात आहे असे धरायचे. यानंतर नेमके कोणते औषध आणि किती, हे मोठ्या प्रयोगशाळेतच ठरते.

औषधाचे दिवस निरोगी जनावरांवर, लेबलवर छापलेल्या डोसवर आणि छापलेल्या मार्गावर मोजलेले असतात. ही अट फार महत्त्वाची आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. तुमची गाय तापलेली होती, चारा सोडला होता, कास दगडासारखी झाली होती. अशा जनावराच्या यकृत-मूत्रपिंडातून औषध बाहेर पडायला वेळ लागतो. शिरेतले औषध स्नायूत दिले, डोस वाढवला, एकाच्या जागी दोन डॉक्टरांनी एकमेकांना न कळवता एकच औषध दिले, किंवा गाईसाठी मोजलेले औषध शेळीला दिले, तर लेबलवरचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. म्हशींबद्दल मी मुद्दाम सावध असतो, कारण बरेच आकडे गाईंवरच्या अभ्यासातून आलेले आहेत. अशा वेळी लेबल तीन दिवस म्हणत असले तरी मी तीनवर थांबत नाही. सात सांगतो, आणि दूध सुरू करण्याआधी तपासून घ्यायला सांगतो.

आता एक आडवा मुद्दा. तो तुम्ही विचारलेला नाही, पण कोणीतरी तुमच्या कानात सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. ‘सेफ्टिओफर द्या, त्याला दुधाचे शून्य दिवस आहेत’ असा सल्ला सध्या फिरतो. सेफ्टिओफर या अँटिबायोटिकच्या काही इंजेक्शनांच्या लेबलवर दुधासाठी शून्य दिवस आहेत, हे खरे. मांसासाठी मात्र त्यालाही थांबावेच लागते. आणि सेफ्ट्रियाक्झोन हे वेगळे औषध आहे. नाव जवळचे वाटले तरी त्याला ही सूट मिळत नाही. पण माझा आक्षेप याहून मोठा आहे. तिसऱ्या पिढीतली ही सेफॅलोस्पोरिन्स माणसांच्या गंभीर संसर्गांसाठी राखून ठेवावीत अशा औषधांत मोडतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना अग्रक्रमाच्या यादीत ठेवले आहे. दूध टाकावे लागू नये एवढ्यासाठी ती पहिल्याच दिवशी वापरली, तर दुधात अवशेष दिसणार नाहीत, पण गोठ्यातले जंतू त्या औषधाला निर्ढावतील. तेच जंतू तुमच्या हाताला, शेणाला, पाण्याला लागतात. औषधाचा अवशेष हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. निर्ढावलेले जंतू हा दुसरा अर्धा, आणि तो कुठल्याही पट्टीवर दिसत नाही.

तुमच्या गाईला दिलेल्या एन्रोफ्लॉक्सासिनचेही असेच आहे. जनावराच्या शरीरात त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो, म्हणजे तुम्हा-आम्हाला डॉक्टर लिहून देतात तेच औषध. अमेरिकेने कोंबड्यांमधला एन्रोफ्लॉक्सासिनचा वापर २००५ मध्ये बंद केला, कारण त्यामुळे माणसाला जुलाब करणारे जंतू या औषधाला दाद देईनासे झाल्याचे तिथे दिसले. आपल्या देशाने २०१९ मध्ये कोलिस्टिन पशुपालनातून हद्दपार केले, त्यामागचे कारणही हेच होते. अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून वापरायचे औषध कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधे तर दूध-मांस-अंडी देणाऱ्या प्राण्यांसाठी पूर्ण बंद आहेत. क्लोरॅम्फेनिकॉलने काही माणसांच्या अस्थिमज्जेतले रक्त तयार होणेच थांबते आणि त्यासाठी सुरक्षित असे कुठलेही प्रमाण सांगता येत नाही. त्यामुळे या औषधांसाठी किती दिवस थांबायचे हा प्रश्नच उद्भवत नाही. ती द्यायचीच नाहीत.

वासराचा प्रश्न. औषधाचे दूध वासराला पाजू नका. बहुतेक गोठ्यांत हेच होते, कारण ओतून द्यायला जीव होत नाही, आणि ते मी समजू शकतो. पण अर्धवट प्रमाणातले औषध रोज पोटात गेले की वासराच्या आतड्यात निर्ढावलेले जंतू तयार होतात. उद्या त्याच वासराला हगवण लागली की तेच औषध तिथे चालत नाही. गोऱ्हा विकायचा असेल तर त्याच्या मांसाचेही दिवस त्याने प्यायलेल्या शेवटच्या दुधापासून मोजावे लागतात, आणि ते कोणी मोजत नाही. कुत्र्या-मांजरांना घालणे हाही मार्ग नव्हे. नाल्यात किंवा विहिरीजवळ न ओतता शेणखड्ड्यात ओता आणि वर शेण आणि कुटार (भुसा) टाका. दिवसाला दहा लिटर धरले तर सात दिवसांत सत्तर लिटर जातील. हा तोटा छोटा नाही. म्हणूनच औषधाचा खर्च मोजताना ट्यूब-इंजेक्शनच्या बिलात हे सत्तर लिटरही धरले पाहिजेत. तो खरा आकडा डोळ्यांसमोर आला की कासदाह होऊच नये म्हणून सडे बुडवायच्या औषधावर केलेला खर्च स्वस्त वाटू लागतो.

बोकडाचे सांगतो. आपल्या भागात बोकडाचा काहीच भाग वाया जात नाही. सावजीच्या रश्श्यात कलेजी जाते, गुर्दा जातो, वजडी जाते, पाय जातात. औषध मात्र सगळीकडे सारखे नसते. कलेजी आणि गुर्द्यात ते मांसापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकते. जेंटामायसिन गुर्द्याच्या पेशींना धरून बसते आणि महिनोन्महिने तिथे सापडते. विकायच्या बोकडाला ते द्यायचेच नाही, हा माझा नियम आहे. दीर्घकाळ चालणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचलेल्या जागी साठून राहते आणि तिथून हळूहळू रक्तात सुटते. ते त्यासाठीच बनवलेले असते. मानेत टोचले असेल तर मानेच्या मांसात, फऱ्यात टोचले असेल तर फऱ्यात ते जास्त सापडेल. तुमच्या बोकडाला शेवटचे इंजेक्शन दिलेल्या तारखेपासून २८ दिवस मोजा. ती तारीख ईदच्या आधी येत असेल तर विका. नंतर येत असेल तर या वर्षी तो बाजारात नेऊ नका. ईदच्या तोंडावर बोकड टवटवीत दिसावेत म्हणून आठ-दहा दिवस आधी सरसकट टेट्रासायक्लिन आणि जंतांचे औषध देण्याची पद्धत मी पाहिली आहे. आजार नसताना दिलेले हे औषध थेट ताटात जाते. जंतनाशक द्यायचेच असेल तर ते दोन महिने आधी द्या. बोकडाचे वजनही त्यानेच वाढेल. आणि आयव्हरमेक्टिन चरबीत मुरते, म्हणून त्याच्या बऱ्याच लेबलांवर दुभत्या जनावराला देऊ नका असे स्पष्ट लिहिलेले असते, तेही वाचत चला.

कोंबड्यांबद्दल तुम्ही विचारले नाही, म्हणून दोनच गोष्टी. ब्रॉयलरला वाढीसाठी हार्मोनची इंजेक्शने देतात ही अफवा आहे. ती वाढ निवडपैदास आणि खाद्यामुळे होते. काळजीची गोष्ट वेगळी आहे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात लॉट उचलायचा असतो, आणि मरतूक दिसली की शेवटच्या आठवड्यातही पाण्यातून औषध चालू राहते. अंड्यांच्या बाबतीत तर बलकाची भराभर वाढ अंडे पडण्याआधीच्या साधारण दहा दिवसांत होते. त्या काळात दिलेले औषध बलकात जमा होते आणि उपचार थांबल्यावरही एकामागून एक अंड्यांतून बाहेर येत राहते.

मेलॉक्सिकॅमचे नाव आलेच आहे, तर ते दिल्याबद्दल तुमच्या डॉक्टरांचे मी कौतुक करतो. हीच सूज उतरवायला पूर्वी सर्रास डायक्लोफेनॅक देत. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्या मांसातल्या अवशेषाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. नव्वदच्या दशकापासून देशातली गिधाडे झपाट्याने संपत गेली, काही जातींत शंभरातली पंच्याण्णवांहून अधिक. त्याचे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून उघड झाले आणि आपल्याकडे २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार एका डोसापुरता, ३ मिलिलिटर केला गेला. पुढे २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून गिधाडे आपल्या पेंच आणि ताडोबात आणली गेली. ती जगायची तर पारशिवनी-रामटेकच्या गोठ्यांत कोणते इंजेक्शन दिले जाते, याला फार महत्त्व आहे. कुणी स्वस्तात डायक्लोफेनॅक द्यायला आला तर त्याला परत पाठवा.

आणखी एक गोष्ट, औषधाची नसली तरी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. अँटिबायोटिकचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले ७७ नमुन्यांत. बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन एम-१, मर्यादेपेक्षा जास्त निघाले ३६८ नमुन्यांत. हे विष येते बुरशी लागलेल्या सरकी ढेपेतून, मक्यातून, भिजलेल्या कुटारातून. आपला भाग कपाशीचा, ढेप घरोघरी. पावसाळ्यात जमिनीवर भिंतीला लावून ठेवलेली ढेप आतून हिरवट-काळी झाली की ती जनावराला घालू नका. खाद्यातून विष गेले की दिवसभरात दुधात उतरते आणि खाद्य बदलले की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होते. तेही उकळून जात नाही. कपाशीवर फवारायचे कीटकनाशक गोचिडांसाठी ढोरांच्या अंगावर मारणारे लोकही आहेत. ते करू नका, त्याचा डोस, त्याचे दिवस, काहीच जनावरासाठी मोजलेले नाही.

गोठ्यात काय बदल करायचा, तर गोठ्याच्या दारावर एक कॅलेंडर टांगा. उपचाराच्या दिवशी गाईचे नाव किंवा कानातल्या बिल्ल्याचा नंबर, औषधाचे नाव, किती मिलिलिटर, कुठे टोचले आणि शेवटचा डोस किती वाजता, एवढे लिहा. ज्या तारखेला आणि ज्या वेळेला दूध पुन्हा चालू करायचे, त्या चौकोनात लाल गोल काढा. बाटली आणि खोका त्या तारखेपर्यंत फेकू नका. डॉक्टर आले की, मी आलो तरी, निघण्याआधी विचारा, ‘दुधाचे किती दिवस, मांसाचे किती दिवस?’ आणि ते चिठ्ठीवर लिहून घ्या. लिहायला कुरकुर करणारा डॉक्टर बदलायला हरकत नाही. गाय आटवताना सडात सोडायच्या ट्यूबांचे दिवस फार लांबचे असतात आणि ते विण्याच्या तारखेशी जोडलेले असतात. गाय वेळेआधी व्याली तर मोजणी पुन्हा करावी लागते, म्हणून त्या ट्यूबांची तारीख वेगळ्या रंगाने लिहा.

हीच गाय दोन-तीन महिन्यांत पुन्हा कासदाहात आली तर औषध आधी आणि तपासणी नंतर असे करू नका. सड स्वच्छ पुसून पहिल्या दोन-चार धारा सोडा, मग उकळून घेतलेल्या बाटलीत थोडे दूध घ्या आणि बर्फात ठेवून सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवा. नमुना उपचाराआधीचाच हवा. कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दबतो हे कळले की तीनऐवजी एकच औषध पुरते, आणि तेही साधे.

या वेळी आठव्या दिवशी एवढे करा. फक्त या गाईचे, मिसळलेले नाही असे, सकाळच्या धारेचे शंभर मिलिलिटर दूध संकलन केंद्रावर न्या आणि पट्टीवर तपासायला सांगा. कोणकोणती औषधे दिली ते त्यांना स्पष्ट सांगा, म्हणजे ते पेनिसिलिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन या दोन्ही गटांची पट्टी वापरतील. त्यांच्याकडे दुसऱ्या गटाची पट्टी नसेल तर आणखी दोन दिवस दूध बाजूला ठेवा. दोन्ही तपासण्या निर्दोष आल्या तर त्याच संध्याकाळपासून दूध चालू करा. एकही सदोष आली तर दोन दिवसांनी पुन्हा तपासा आणि कॅलेंडरवर लिहिलेले सगळे आकडे घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.